झडप केव्हां मिटावी? : खडकी ते चाकण

इंजिनाच्या पोटांत जीं अनेक कामें चालतात, त्यांपैकीं सर्वांत कमी बोललें जाणारें काम कॅमच्या दांड्याचें होय. मोटारसायकलीची जाहिरात वाचणाऱ्या गृहस्थास तिचें घनमान ठाऊक असतें, अश्वशक्ति ठाऊक असते, एका लिटरांत ती किती अंतर तोडते हें तर तोंडपाठच असतें. परंतु ज्या पोलादी दांड्यावरील अंडाकृति उंचवटे झडपांना उघडण्याची व मिटण्याची वेळ नेमून देतात, त्या दांड्याची ओळख बहुधा इंजिन खोललें म्हणजेच व्हावयाची. वास्तविक एकाच मापाचीं दोन इंजिनें केवळ या एका दांड्याच्या फरकामुळें भिन्न स्वभावाचीं होऊं शकतात. एक कात्रजचा जुना घाट निमूटपणें चढून जातें. दुसरें त्याच चढावर आचके देऊं लागतें, आणि मोकळ्या सडकेवर फेरे वाढले म्हणजे मग कोठें त्याच्या अंगांत बळ येतें.

इंजिनाचें कॉम्प्रेशन वाढविलें तर त्यास कॅम कोणता बसवावा, हा प्रश्न नाना पेठेंतील सुट्या भागांच्या बाजारांत हिंडणाऱ्या हौशी तरुणास पडतो, तसाच तो कारखान्यांतील आंखणीकारासही पडतो. तरुणाचें उत्तर पुष्कळदां ठरलेलें असतें : झडप अधिक उंच उचलील व अधिक वेळ उघडी ठेवील असा मोठ्यांत मोठा कॅम आणावा. आंखणीकाराचें उत्तर इतकें सोपें नसतें, आणि तें कां नसतें याचा इतिहास पुण्याच्या परिसरांतच घडलेला आहे.

प्रथम कॉम्प्रेशनचा, म्हणजे दाबप्रमाणाचा, अर्थ पाहिला पाहिजे. पिस्टन तळाशीं असतांना सिलिंडरांत जेवढी जागा असते, ती पिस्टन माथ्यावर पोंचल्यावर उरणाऱ्या जागेच्या कितीपट आहे, हें दाखविणारा आंकडा म्हणजे दाबप्रमाण. हा आंकडा जितका मोठा, तितकें त्याच इंधनांतून अधिक काम निघतें. परंतु या आंकड्याच्या पोटांत एक गृहीत दडलेलें आहे. पिस्टनानें तळ सोडला कीं दाब सुरू होतो, हें तें गृहीत. प्रत्यक्षांत, मिश्रण आंत घेणारी झडप मिटल्यावांचून दाब सुरू होऊंच शकत नाहीं. आणि ती केव्हां मिटावयाची हें कॅमच्या स्वाधीन असतें. तात्पर्य, कागदावरील आंकडा पिस्टन आणि हेड यांच्या आकारानें ठरतो. त्यांतला किती पदरांत पडावयाचा तें कॅम ठरवितो. आणि किती पडूं द्यावा तें इंधन ठरवितें. या तिघांची सांगड घालणें म्हणजेच कॅमची निवड.

निकोलस ऑटो यानें १८७६ सालीं जर्मनींत चार टप्प्यांचें इंजिन सिद्ध केलें, त्या वेळीं त्याचें दाबप्रमाण तिनाच्याही आंत होतें. पुढें मोटारींचा उदय झाला तेव्हां कित्येक लहान इंजिनांत आंत घेणाऱ्या झडपेसाठीं कॅम नव्हताच. पिस्टन खालीं उतरतांना जी पोकळी होई, तिनेंच ती झडप ओढली जाई व एका हलक्या स्प्रिंगनें पुन्हां मिटे. कॅम असे तो केवळ जळका वायु बाहेर सोडणाऱ्या झडपेला. मंद चालीच्या यंत्रास ही व्यवस्था पुरेशी होती. पण फेरे वाढूं लागले तशी ती स्वयंचलित झडप मागें पडूं लागली. विसाव्या शतकाच्या आरंभीं दोन्ही झडपांना कॅम आले, आणि १९१२ सालीं प्यूजो कंपनीच्या शर्यतीच्या मोटारीनें माथ्यावर दोन स्वतंत्र कॅमशाफ्ट घेऊन ग्रां प्री जिंकली.

याच काळांत एक महत्त्वाची गोष्ट ध्यानांत आली. हवा हलकी असली तरी तिला वजन आहे. एकदां वेगानें धांवूं लागली कीं ती एकदम थांबत नाहीं. पिस्टन तळाशीं पोंचून परत वर निघाला तरी वेगांत आलेलें मिश्रण कांहीं काळ आंत शिरतच राहतें. म्हणून झडप तळाशींच न मिटतां थोडी उशिरां मिटली तर सिलिंडर अधिक भरतो. फेरे जितके अधिक, तितका हा उशीर लाभदायक. मात्र फेरे कमी असतांना त्या हवेंत तसा जोर नसतो. तेव्हां तोच उशीर आंत आलेलें मिश्रण पुन्हां बाहेर ढकलून देतो. एकाच दांड्यानें दोन्ही प्रसंगीं उत्तम काम द्यावें, ही अपेक्षा म्हणूनच पुरी होत नाहीं.

दाबप्रमाण वाढविण्याच्या आड येणारा दुसरा अडथळा इंधनाचा. मिश्रण मर्यादेपलीकडे दाबलें व तापलें म्हणजे ठिणगीनें पेटलेली ज्योत पोंचण्यापूर्वींच त्याचा उरलेला भाग एकदम भडकतो आणि इंजिन ठोके देऊं लागतें. इंग्लंडांत हॅरी रिकार्डो यानें पहिल्या महायुद्धानंतर दाबप्रमाण बदलतां येईल असें खास इंजिन बांधून या दोषाचा कसून अभ्यास केला व दोष इंधनाच्या गुणाशीं निगडित असल्याचें दाखविलें. अमेरिकेंत टॉमस मिजली यानें डिसेंबर १९२१ मध्यें शिशाच्या संयुगानें हे ठोके थांबतात असें शोधून काढलें. त्या शोधानें इंजिनांचें बळ वाढलें खरें. परंतु शहरांच्या हवेंत शिशाचें विषही मिसळलें. हिंदुस्थानांत शिसेयुक्त पेट्रोलाची विक्री फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र बंद झाली.

पश्चिम महाराष्ट्रांत उच्च दाबाचें इंजिन प्रथम आलें तें मात्र पेट्रोलचें नव्हे, डिझेलचें; आणि तें रस्त्यावर न येतां विहिरीवर आलें. साताऱ्याचे धनजीशा कूपर हे १९३७ सालीं मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले हें अनेकांस स्मरत असेल. त्यांच्याच कारखान्यानें या प्रांतांत तेलइंजिनांच्या निर्मितीचा पाया घातला. पुढें १९४६ सालीं खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराच्या मागोमाग शंतनुराव किर्लोस्करांच्या काळांत आलेल्या या इंजिनांनीं शेतकऱ्याच्या मोटेचें काम हातीं घेतलें.

खडकीच्या एका सिलिंडरच्या इंजिनाचें एक उदाहरण घेण्याजोगें आहे, कारण अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून तें सर्वत्र आढळतें आणि त्याचे आंकडे प्रसिद्ध आहेत. व्यास ८७.५ मिलिमीटर, पिस्टनची धांव ११० मिलिमीटर, मिनिटास १५०० फेरे आणि दाबप्रमाण १७.५. त्याची आंत घेणारी झडप पिस्टन माथ्यावर येण्यापूर्वीं अवघे ४.५ अंश उघडते आणि तळ सोडल्यानंतर ३५.५ अंशांनीं मिटते. बाहेर सोडणारी झडप माथ्यानंतर ४.५ अंशांनीं मिटते. म्हणजे दोन्ही झडपा एकाच वेळीं उघड्या राहण्याचा काळ केवळ ९ अंशांचा.

या आंकड्यांचा अर्थ गणितानें स्पष्ट होतो. झडप मिटते तेव्हां पिस्टनच्या धांवेपैकीं सुमारें शेंकडा ९३ भाग अजून शिल्लक असतो, म्हणून १७.५ पैकीं प्रत्यक्ष दाब १६.३ च्या सुमारास पदरांत पडतो. याच इंजिनाला झडप ७० अंशांनीं मिटविणारा, शर्यतीस शोभेल असा कॅम बसविला असतां, तर प्रत्यक्ष आंकडा १३ पर्यंत खालीं आला असता. डिझेल इंजिनास ठिणगी नसते. दाबानें तापलेल्या हवेनेंच तेल पेटावयाचें असतें. हिवाळ्याच्या पहांटे शेतकरी हँडल मारूं लागतो, तेव्हां फेरे मंद असतात व लोखंड गार असतें. अशा वेळीं गेलेला दाब म्हणजे गेलेली उष्णता, आणि गेलेली उष्णता म्हणजे न सुरू होणारें इंजिन. खडकीच्या आंखणींत झडप लौकर मिटते ती याचसाठीं. पिकाला पाणी वेळेवर मिळणें त्या कॅमच्या उंचवट्यावर अवलंबून होतें, असें म्हटल्यास तें वावगें होणार नाहीं.

यानंतर पुण्याच्या रस्त्यावर जें युग आलें त्यांत कॅमला स्थानच नव्हतें. आकुर्डीच्या बजाज कारखान्यांत प्रथम इटलीच्या पियाज्जिओच्या परवान्यानें व पुढें १९७२ पासून 'चेतक' या नांवानें ज्या स्कूटरी तयार झाल्या, त्यांचें इंजिन दोन टप्प्यांचें होतें. त्यांत झडपा नाहींत, कॅम नाहीं. सिलिंडरच्या भिंतींतील खिडक्या पिस्टनच स्वतः वरखालीं होतांना झांकतो व उघडतो. रचना साधी, दुरुस्ती स्वस्त, आणि म्हणून मध्यम स्थितींतील कुटुंबांना परवडणारी. परंतु खिडक्यांची वेळ पिस्टनशीं जखडलेली असल्यामुळें ताजें मिश्रण जळक्या वायूबरोबर बाहेर निसटे, आणि निळसर धूर हा चौकाचौकांतील परिचयाचा देखावा झाला. १९९१ नंतर वाहनांच्या धुरावर नियम आले, १९९६ व २००० सालीं ते अधिक कडक झाले. १९६६ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनच्या प्रयोगशाळांत या कसोट्या घेतल्या जाऊं लागल्या. दोन टप्प्यांच्या इंजिनाचे दिवस भरले, आणि झडपा व कॅम परत आले. बजाजची 'पल्सर' २००१ सालीं बाजारांत आली, ती चार टप्प्यांचें इंजिन घेऊनच. दोन वर्षांनीं तिला दुसरा ठिणगीचा प्लग मिळाला. ज्योत दोन ठिकाणीं लागल्यामुळें मिश्रण लौकर जळतें व ठोक्यांना अवसर कमी मिळतो. म्हणजे दाबप्रमाणाची मर्यादा थोडी सैल होते.

आतां मूळ प्रश्न. समजा, एका पेट्रोल इंजिनाचें दाबप्रमाण ११ केलें, आणि त्याच्या कनेक्टिंग रॉडची लांबी क्रँकच्या त्रिज्येच्या साडेतीनपट आहे. झडप तळानंतर ४० अंशांनीं मिटविणारा कॅम बसविला तर प्रत्यक्ष दाबप्रमाण १०.१ पडतें. ७० अंशांनीं मिटविणारा बसविला तर तें ८.४ वर येतें. दीड आंकड्याहून अधिक असा हा फरक पिस्टन किंवा हेड यांना हात न लावतां केवळ वेळेच्या बदलानें घडला. उलट, मूळचें दाबप्रमाण ८ असलेल्या इंजिनास तोच ७० अंशांचा कॅम लावला, तर प्रत्यक्ष आंकडा ६.१ इतका खालीं जातो, आणि गर्दींतून चालतांना तें इंजिन अगदीं निःसत्त्व वाटतें. मोठ्या कॅमला मोठें दाबप्रमाण लागतें आणि मोठें दाबप्रमाण थोडा मोठा कॅम सहन करतें, हा कारागिरांचा नियम या गणितांतूनच निघतो.

परंतु या नियमाचा अर्धाच भाग ऐकणाऱ्यांचें नुकसान होतें. कॉम्प्रेशन वाढवून इंजिन ठोके देऊं लागलें, तर लांब कॅम लावून जास्तीचा दाब 'सोडून देतां' येईल, अशी कल्पना प्रचलित आहे. कमी फेऱ्यांवर ती खरी ठरते. पण फेरे वाढून हवेच्या वेगाचा लाभ मिळूं लागला कीं सिलिंडर पुन्हां पूर्ण भरतो, आणि मग कागदावरील आंकडा आपला पूर्ण दाब वसूल करतो. घाटांत, पूर्ण थ्रॉटलवर, इंजिन तापलेलें असतां हे ठोके परत येतात. आणि वाऱ्याच्या व साखळीच्या आवाजांत ते ऐकूं येत नाहींत. पिस्टनची कड वितळते ती अशा वेळीं. ठोक्यांचा उपाय कॅममध्यें नव्हे, तर इंधन, थंडावा, ठिणगीची वेळ व ज्वलनाच्या जागेचा आकार यांत आहे.

सुविहित आंखणीनें काय साधतें याचें उदाहरण चाकणला आहे. २०१३ सालीं तेथून बाहेर पडलेल्या केटीएमच्या ३९० ड्यूकचें इंजिन ८९ मिलिमीटर व्यासाचें व ६० मिलिमीटर धांवेचें. दाबप्रमाण साडेबाराच्या आसपास. माथ्यावर दोन कॅमशाफ्ट, चार झडपा, पाण्याचा थंडावा आणि इंधन मोजून देणारी विद्युत्-व्यवस्था. त्याची परमावधीची शक्ति ९५०० फेऱ्यांच्या सुमारास मिळे. दहा वर्षांनीं, २०२३ सालीं, चाकणलाच ब्रिटिश आंखणीची ट्रायम्फ स्पीड ४०० तयार होऊं लागली. तिचाही व्यास ८९ मिलिमीटर, धांव ६४, दाबप्रमाण १२, आणि तिलाही दोन कॅमशाफ्ट. परंतु तिची शक्ति ८००० फेऱ्यांवरच कळसास पोंचते आणि ओढ ६५०० फेऱ्यांवर. फरक एकट्या कॅमचा नाहीं. धांव, हवेचे मार्ग व धुराची नळी यांचाही त्यांत वाटा आहे. तरी एवढें निश्चित कीं, जवळपास सारख्या दाबप्रमाणाच्या दोन इंजिनांना एकाच गांवांत दोन निराळे स्वभाव दिले गेले, कारण चालवणारा कोण व तो कोणत्या फेऱ्यांवर अधिक काळ राहणार, याचीं उत्तरें निराळीं होतीं.

निवडीचा क्रम यावरून उघड होतो. इंजिन बहुतेक वेळ किती फेऱ्यांवर चालणार, हें आधीं ठरवावें. लक्ष्मी रस्त्यावरून कचेरीस जाणाऱ्या वाहनाला शर्यतीच्या फेऱ्यांचा उपयोग नाहीं. मग मिळणाऱ्या पेट्रोलाचा ऑक्टेन आंकडा पाहून दाबप्रमाण ठरवावें, आणि त्यानंतर आंत घेणाऱ्या झडपेची मिटण्याची वेळ. कॅमच्या माहितीपत्रकांतील एकूण अंशांवर एकदम विसंबूं नये. कोणी झडप बैठकीवरून हलतांच अंश मोजतो, तर कोणी ती एक मिलिमीटर उचलल्यावर मोजतो, आणि त्यामुळें एकाच कॅमचे दोन आंकडे होतात. दोन्ही झडपा एकदम उघड्या राहण्याचा काळ रस्त्याच्या इंजिनास बेताचाच असावा. तो वाढला तर इंजिन संथ चालीवर धडपडतें आणि कच्चें पेट्रोल धुराच्या नळींतून जातें. उंच डोक्याचा पिस्टन वापरला असेल तर झडप व पिस्टन यांतील अंतर नरम मातीचा गोळा ठेवून, क्रँक हातानें फिरवून, तपासलें पाहिजे. येथें प्रश्न एक-दोन मिलिमीटरांचा असतो व चूक झाल्यास झडप वांकते. स्प्रिंगची वेटोळीं पूर्ण मिटण्यापूर्वीं कॅमची उंची संपते कीं नाहीं, हेंही पाहावें लागतें. शेवटीं अंशांची तबकडी लावून, वेळ नेमकी बसली आहे कीं नाहीं, याची खात्री करावी. साखळीचा एक दांता चुकला तर सारा हिशेब बदलतो.

यांत कायद्याचाही एक भाग आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणींतील मूळ तपशिलाशीं विसंगत असा बदल वाहनांत करूं देत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें या कलमाचा कडक अर्थ लावला. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या मर्यादा तर इतक्या सूक्ष्म आहेत कीं, कारखान्यानें जुळविलेली झडपांची वेळ बदलली म्हणजे इंधनाचा व धुराचा सारा ताळमेळ पुन्हां जुळवावा लागतो. शर्यतीसाठीं बांधलेल्या इंजिनाची जागा शर्यतीच्या मैदानावर आहे. शेजाऱ्याच्या मुलांनीं ज्या हवेंत श्वास घ्यावयाचा, तेथें नव्हे.

उशिरां मिटणारी झडप केवळ वेगाची दासी आहे असेंही नव्हे. जेम्स ॲटकिन्सन यानें एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत दाबण्याची धांव आंखूड व प्रसरणाची धांव लांब ठेवणारें इंजिन बांधलें. तोच लाभ पुढें झडप उशिरां मिटवून साधण्यांत आला, आणि १९९७ सालीं जपानांत आलेल्या टोयोटाच्या प्रियस मोटारीनें त्याचा उपयोग इंधन वांचविण्यासाठीं केला. कॅमचा तोच गुण, पण हेतु अगदीं उलट. इकडे २०२३ पासून पेट्रोलांत शेंकडा २० इथेनॉल मिसळण्यास आरंभ झाला आहे. इथेनॉल ठोक्यांना चांगलें आवर घालतें, म्हणून नव्या आंखणींत दाबप्रमाणाला थोडा वाव मिळूं शकतो. मात्र त्याची उष्णता पेट्रोलाहून कमी असल्यामुळें जुन्या इंजिनाला त्याचा फायदा आपोआप मिळत नाहीं.

जानेवारी २०२० मध्यें 'चेतक' हें नांव पुन्हां रस्त्यावर आलें, तें विजेच्या मोटारीवर. तीतही झडप नाहीं व कॅमही नाहीं. कॅमचें युग कदाचित् सरत असेल. परंतु विहिरीवरचीं डिझेलें आणि रस्त्यावरचीं पेट्रोल इंजिनें अद्यापि असंख्य आहेत, आणि त्यांचीं हेडें रोज कोठें ना कोठें खोललीं जात आहेत. त्या प्रत्येक ठिकाणीं खडकीच्या कारागिराला पडलेला प्रश्नच पुन्हां पडतो : हें यंत्र कोणासाठीं, व किती फेऱ्यांवर चालावयाचें आहे? त्याचें खरें उत्तर मिळालें म्हणजे झडप केव्हां मिटावी हें ठरविणें फारसें अवघड राहत नाहीं.